बोइंग ७७७-९ उडायला लागून सहा वर्षं होतील, मग प्रवासी कधी बसणार? सर्टिफिकेशनच्या उशिराबद्दल सविस्तर

मासुंदा, ठाणे:

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. ३,७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद धावपट्टी, म्हणजे मोठ्यात मोठ्या विमानाची सोय झाली. एअर इंडियाने २०२३ च्या ४७० विमानांच्या ऑर्डरमध्ये १० ७७७-९ मागवली आहेत. हे विमान पहिल्यांदा उडालं २५ जानेवारी २०२० ला. मुळात २०२० मध्येच ते एअरलाइन्सच्या ताब्यात जायचं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बोइंगने पहिली डिलिव्हरी २०२७ वर नेली आणि ४.९ अब्ज डॉलरचा भार हिशेबात घेतला.

वर्तमानपत्रात दर वेळी "नियामक मंजुरीअभावी विलंब" एवढंच छापून येतं. त्यातून काहीच कळत नाही. इंजिनाला तर सप्टेंबर २०२० मध्येच सर्टिफिकेट मिळालं, मग राहिलंय काय? एफएए, म्हणजे अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था, सहा वर्षं नेमकं तपासते तरी काय? आणि बोइंगचीच ७३७ मॅक्स १० म्हणजे मॅक्स ८ चीच लांब आवृत्ती असताना ती का अडकली? जाणकारांनी नीट, तपशिलात लिहावं ही विनंती. लांब प्रतिसाद चालतील.

---

पारसिक, कळवा:

मासुंदाताई, एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण बातम्यांमधला सगळा गोंधळ तिथेच आहे. एफएए विमान तपासून पास-नापास करत नाही. विमान सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं काम कंपनीचं. तो पुरावा पुरेसा आहे की नाही, हे एफएए ठरवते. त्यामुळे "मंजुरीला उशीर" याचा अर्थ बहुतेक वेळा "पुरावा अजून पुरा झालेला नाही" असा असतो.

सुरुवात होते अर्जापासून. अर्जाच्या तारखेला जे नियम लागू असतात, त्यांच्यावर विमान तोललं जातं. मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिकेत पार्ट २५ हा नियमसंच आहे. अर्ज पाच वर्षं चालतो. तेवढ्यात काम झालं नाही तर मुदतवाढ मागायची आणि मधल्या काळात आलेले नवे नियम अंगावर घ्यायचे. म्हणजे उशिरातून आणखी काम तयार होतं.

मग पार्ट २५ चं एकेक कलम घेऊन ते कशाने सिद्ध करणार हे लिहून द्यायचं: आराखड्याने, गणिताने, प्रयोगशाळेतल्या चाचणीने, जमिनीवरच्या चाचणीने की उड्डाणाने. यावर एफएएची सहमती लागते. एखादी रचना इतकी नवी असते की तिच्यासाठी कलमच नसतं. तेव्हा 'स्पेशल कंडिशन' काढतात, म्हणजे त्या विमानापुरता वेगळा नियम. मतभेदाचे मुद्दे 'इश्यू पेपर'मध्ये जातात. एकेक इश्यू पेपर महिनोन्‌महिने इकडून तिकडे फिरतो.

एवढं झाल्यावर टीआयए, म्हणजे टाइप इन्स्पेक्शन ऑथरायझेशन. हा कागद हातात आला की एफएएचे वैमानिक आणि इंजिनिअर चाचणी विमानात बसतात आणि त्या उड्डाणांची मोजदाद सर्टिफिकेटसाठी होते. ७७७-९ ला पहिल्या टप्प्याचा टीआयए मिळाला जुलै २०२४ मध्ये, पहिल्या उड्डाणानंतर साडेचार वर्षांनी. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या साडेचार वर्षांत आहे.

मे २०२१ मध्ये एफएएने बोइंगला पत्र लिहिलं की विमान टीआयएसाठी तयार नाही. कारणं स्पष्ट होती. ८ डिसेंबर २०२० च्या चाचणी उड्डाणात वैमानिकाने सांगितलेलं नसताना विमानाचं नाक हललं होतं, आणि त्याचं मूळ पूर्ण उकललेलं नव्हतं. विमानाच्या मुख्य संगणक प्रणालीबद्दलची माहिती अपुरी होती. प्राथमिक सुरक्षा-विश्लेषणही झालेलं नव्हतं. त्याच पत्रात २०२३ च्या मध्याआधी सर्टिफिकेट मिळणं वास्तवात शक्य दिसत नाही, असंही म्हटलं होतं.

---

रबाळे, नवी मुंबई:

एक शंका. टीआयएच्या आधी कंपनीने हजारो तास उडवलं ते वाया गेलं का?

---

पारसिक, कळवा:

वाया नाही, पण त्याचा उपयोग वेगळा. ती उड्डाणं कंपनीला स्वतःची खात्री पटावी म्हणून असतात. विमान किती वेगाला थरथरतं, किती कोनात पंखांची उचल (लिफ्ट) तुटते, ब्रेक किती तापतात, हे आधी आपण शोधायचं आणि मगच सरकारी वैमानिकाला बसवायचं.

सर्टिफिकेटच्या मोजदादीसाठी उडवायचं तर आणखी एक अट असते: चाचणीतलं विमान आराखड्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. याला कन्फॉर्मिटी म्हणतात. चाचणीच्या आधी कंपनी फॉर्म ८१३०-९ भरून लेखी देते की हा सुटा भाग, ही वायरिंग, हे सॉफ्टवेअर व्हर्शन आराखड्याबरहुकूम आहे. जिथे फरक असेल तिथे तो फरक या चाचणीच्या निकालावर परिणाम का करत नाही, हे लिहावं लागतं. फरक लिहायचा राहिला आणि नंतर सापडला, तर ती चाचणी पुन्हा.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून कडक. डीओ-१७८सी नावाचा दंडक आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने विमान पडू शकतं ते 'लेव्हल ए', आणि त्याला ७१ उद्दिष्टं पुरी करावी लागतात. प्रत्येक निर्णयातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते, हे चाचणीने दाखवावं लागतं. नियंत्रण प्रणालीतली एक ओळ बदलली की ती ओळ कुठे कुठे पोचते हे शोधा, त्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा, सुरक्षा-विश्लेषण सुधारा, मग सिम्युलेटर, मग उड्डाण. एक ओळ बदलायला दहा मिनिटं आणि सिद्ध करायला काही महिने, हे या क्षेत्रात अगदी नेहमीचं आहे.

इंजिनाबद्दल: ७७७-९ च्या जीई९एक्स इंजिनाला सप्टेंबर २०२० मध्ये सर्टिफिकेट मिळालं ते इंजिन म्हणून, पार्ट ३३ या इंजिनांच्या नियमसंचाखाली. पातं तुटलं तर आवरणाच्या आत राहतं का, पक्षी गिळला तर चालतं का, हे सगळं चाचणी-स्टँडवर. ते इंजिन पंखाला लावल्यावर काय होतं, हा विमानाच्या सर्टिफिकेटचा भाग आहे. आणि अडचण नेमकी तिथेच आली. ऑगस्ट २०२४ मध्ये एका चाचणी विमानाचा 'थ्रस्ट लिंक' तुटलेला आढळला. इंजिनाचा रेटा विमानाच्या सांगाड्याला पोचवणारा हा दांडा. प्रत्येक इंजिनाला दोन असतात, म्हणून एक तुटला तरी दुसरा भार घेतो. पण इतर चाचणी विमानांच्या दांड्यांमध्येही तडे सापडले आणि सगळी विमानं जमिनीवर आली. उड्डाणं पुन्हा सुरू झाली जानेवारी २०२५ मध्ये.

नुसता दांडा बदलून हे भागत नाही. तडा कशाने गेला ते आधी ठरवायचं: धातूत दोष, जास्त भार, की कंपनांनी आलेला थकवा. उत्तर कंपन असेल तर मूळ भाराचा अंदाजच चुकला असं होतं. मग स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या पट्ट्या) लावून खरा भार मोजायचा, नवा दांडा आखायचा, त्याची फॅटीग चाचणी करायची. शेवटी सगळ्यात मोठा प्रश्न: "एक तुटला तरी दुसरा तग धरतो" हे गृहीतक कंपनाच्या बाबतीत टिकतं का? कारण दोन्ही दांडे एकाच कंपनात थरथरत असतात.

---

उलवे, नवी मुंबई:

विमानतळाच्या बाजूने थोडं. ७७७-९ चे पंख पूर्ण उघडले की ७१.७५ मीटर होतात. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या वर्गवारीत ६५ मीटरपर्यंत कोड ई, त्यापुढे ८० पर्यंत कोड एफ. कोड एफचे स्टँड जगात कमी आणि महाग. म्हणून बोइंगने दोन्ही टोकं दुमडणारी केली. दुमडल्यावर पंख ६४.८ मीटर, म्हणजे ७७७-३००ईआर जिथे उभं राहतं तिथेच हे उभं राहू शकतं. उतरून धावपट्टी सोडली की टोकं वर, आणि उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी पुन्हा खाली.

प्रवासी विमानात अशी रचना याआधी कधी नव्हती, म्हणून पार्ट २५ मध्ये कलमही नव्हतं. मे २०१८ मध्ये एफएएने यासाठी स्पेशल कंडिशन काढल्या. टोक नीट उघडून कुलूपबंद झालेलं नसेल तर वैमानिकाला एकापेक्षा जास्त मार्गांनी कळलं पाहिजे, आणि तशा अवस्थेत उड्डाण होऊच नये अशी सोय हवी. हवेत असताना कुलूप उघडताच कामा नये. जमिनीवर कोणत्याही दिशेने ६५ नॉटचा झोत आला तरी रचना टिकली पाहिजे. ६५ नॉट म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. खाडीच्या तोंडाशी जून-जुलैत उभ्या असलेल्या विमानासाठी ही अट मला फार मोलाची वाटते.

आणखी एक बाब सहसा कोणी लिहीत नाही. ७७७-९ ची लांबी ७६.७ मीटर. अग्निशमनाच्या वर्गवारीत ७६ मीटर ओलांडलं की कॅटेगरी १० लागते. ७७७-३००ईआर ७३.९ मीटरचं, ते कॅटेगरी ९ मध्ये बसतं. आयसीएओच्या तक्त्यात लेव्हल बी फोमसाठी कॅटेगरी ९ ला २४,३०० लिटर पाणी, कॅटेगरी १० ला ३२,३०० लिटर. गाड्या दोन्हीकडे तीन, पण टाक्या मोठ्या हव्यात. सर्वांत गजबजलेल्या तीन महिन्यांत त्या श्रेणीच्या विमानांची ये-जा ७०० पेक्षा कमी असेल तर एक पायरी खालची श्रेणी चालते. त्यामुळे सुरुवातीला अडणार नाही, पण नियोजन करणाऱ्याला आकडा माहीत हवा. विमानाची तारीख दर वर्षी सरकते तेव्हा अशा खरेदीची तारीखही सरकत राहते.

---

कोपरी, ठाणे:

पारसिकसाहेब, तुमचं लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण सगळा दोष कंपनीवर टाकणं मला पटत नाही. नियामकही उशीर करतात आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

एअरबसच्या ए३२१एक्सएलआर या लांब पल्ल्याच्या विमानाचं उदाहरण घ्या. जून २०१९ मध्ये एअरबसने घोषणा केली. वैशिष्ट्य होतं पंखांच्या मागे, धडाच्या आतच बांधलेली १२,९०० लिटरची इंधनटाकी. तिच्याबद्दलच्या आगीच्या स्पेशल कंडिशनवर युरोपच्या नियामक ईएएसएने जाहीर सल्लामसलत सुरू केली २०२१ मध्ये. तोवर ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, रचना बरीच पुढे गेली होती. पोटावर घसरत उतरलं तर टाकी फुटेल का, खाली आग लागली तर वर बसलेल्यांना वेळ मिळेल का, हे प्रश्न रास्तच आहेत. पण ते दोन वर्षं आधी विचारता आले नसते का? अस्तर वाढलं, खालचं आवरण मजबूत केलं, वजन वाढलं. २०२३ मध्ये यायचं विमान नोव्हेंबर २०२४ मध्ये आयबेरियाकडून सेवेत आलं. इंडिगोनेही हेच विमान मागवलंय, म्हणजे त्या उशिराचा संबंध आपल्याशीही येतो.

दुसरं, पूर्वी एफएएने पास केलं की ईएएसए बरंचसं मान्य करायची आणि उलटही. आता दोघे वेगवेगळं तपासतात. तोच पुरावा दोन वेगळ्या पद्धतीने मांडायचा, हा वेळ कोणाच्या खात्यात धरायचा?

---

पारसिक, कळवा:

कोपरी, तुमचा पहिला मुद्दा मान्य. स्पेशल कंडिशन उशिरा येणं हा खरोखर नियामकाकडून होणारा उशीर आहे, आणि त्याचा खर्च सर्वांत जास्त. रचना कागदावर असताना अस्तर वाढवणं आणि टाकी बांधून झाल्यावर वाढवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. दोघे वेगवेगळं तपासायला लागले त्यामागे ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत गेलेली ३४६ माणसं आहेत. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचे १८९ आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियनचे १५७.

मॅक्सचं नाक आपोआप खाली करणारी एमकॅस प्रणाली पहिल्यांदा आखली तेव्हा ती शेपटीचा आडवा पंख एका वेळी ०.६ अंश हलवू शकत होती. पुढे चाचणी उड्डाणांत कमी वेगालाही तिची गरज वाटली आणि ती मर्यादा २.५ अंश केली गेली. चौपटीहून जास्त. तिला माहिती देणारा, विमान समोरच्या हवेशी किती कोनात आहे ते मोजणारा कोनदर्शक सेन्सर एकच. बदल झाला, पण सुरक्षा-विश्लेषणाची फाइल त्या बदलानुसार पुन्हा उघडली गेली नाही. प्रणाली बिघडली तर वैमानिक काही सेकंदांत ओळखतील हे गृहीतक तसंच राहिलं.

सर्टिफिकेशनमधला खरा धोका हाच आहे. एका ठिकाणचा बदल दहा फाइलींना शिवतो, आणि त्यातल्या नऊच उघडल्या जातात. आज ७७७-९ ला जो वेळ लागतोय त्यातला बराचसा या दहाच्या दहा फाइली उघडण्याचा आहे. डिसेंबर २०२० च्या अमेरिकन कायद्याने वैमानिकाच्या प्रतिक्रियेबद्दलची गृहीतकं एफएएने स्वतः तपासल्याशिवाय अशी कामं कंपनीच्या अधिकृत माणसांकडे सोपवायची नाहीत, असं बंधन घातलं. त्याआधी कंपनीच्याच पगारावरचे पण एफएएच्या वतीने सही करणारे लोक, म्हणजे ओडीए, हे काम मोठ्या प्रमाणात करत. ते काम सरकारी टेबलावर आलं, आणि त्या टेबलावर अनुभवी माणसं मोजकी. त्यामुळे रांग लागली हेही खरं आहे.

७८७ च्या बॅटरीचं उदाहरणही आठवा. २००७ मध्ये स्पेशल कंडिशन निघाली. बॅटरीतून धूर येण्याची घटना १ कोटी उड्डाण-तासांत एकापेक्षा कमी वेळा होईल असा अंदाज कागदावर होता. जानेवारी २०१३ मध्ये, सगळ्या ७८७ मिळून सुमारे ५२,००० तास झाले असताना, दोन घटना घडल्या. जगभरची ७८७ जमिनीवर आली, एअर इंडियाचीही. कागद पूर्ण होते, गृहीतक चुकलं होतं. म्हणून माझं मत असं: ७७७-९ च्या सहा वर्षांतला मोठा हिस्सा रचना स्थिर न होण्याचा आहे, रांगेचा त्याहून कमी. रांग माणसं वाढवून कमी करता येते. पहिला हिस्सा मात्र घाई करून कमी होणारा नाही.

---

येऊर, ठाणे:

+१ पारसिक. फक्त एक भर: सप्टेंबर २०१९ मध्ये ७७७-९ चा सांगाडा चाचणीत फाटला, तेही नोंदवायला हवं. आयुष्यात येऊ शकणारा कमाल भार, त्याच्या दीडपट भार ३ सेकंद पेलायचा असतो. सांगाडा सुमारे १.४८ पट भाराला पंखांच्या मागे फाटला. एक-दोन टक्क्यांसाठी काय एवढं, असं वाटतं. पण नियम म्हणतो की नुसत्या गणितावर तेव्हाच भागेल, जेव्हा ते गणित अशाच सांगाड्यावर आधी खरं ठरलेलं असेल. ठरलेल्या भाराआधी फाटलं, म्हणजे तिथलं गणित आधी दुरुस्त करावं लागतं.

---

गाढी, पनवेल:

मॅक्स १० बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अकासाच्या एकूण २२६ विमानांच्या ऑर्डरमधली १५० जानेवारी २०२४ ची आहेत आणि त्यांत मॅक्स १० आहेत. त्यामुळे आपल्या भागातल्या प्रवाशांना ७७७-९ पेक्षा याचाच संबंध जास्त येईल. पहिलं उड्डाण १८ जून २०२१, टीआयए नोव्हेंबर २०२३, आणि २०२५ संपलं तरी सर्टिफिकेट नाही.

"लांब मॅक्स ८" हे वर्णन चुकीचं नाही, पण लांबीनेच काम वाढवलं. मॅक्स ८ ३९.५ मीटर, मॅक्स १० ४३.८ मीटर. नाक उचलताना शेपूट घासायची भीती. म्हणून मुख्य चाकांच्या पायाला एक तरफ दिली, जी उड्डाणाच्या वेळी पाय सुमारे २४ सेंटीमीटर लांब करते आणि आत घेताना पुन्हा आखडते, कारण चाकांची खोबण जुन्याच मापाची. पाय बदलला की कमीत कमी कोणत्या वेगाला विमान जमीन सोडू शकतं ते पुन्हा मोजावं लागतं. त्या चाचणीत शेपटीला घासपट्टी लावून ती मुद्दाम धावपट्टीवर टेकवत नेतात. त्यावरून उड्डाणाचे सगळे वेग, त्यावरून लागणारी धावपट्टी, त्यावरून पुण्यासारख्या ठिकाणी किती वजन नेता येईल ते.

पण मोठी गाठ आहे अँटी-आइसची. इंजिनाच्या तोंडाभोवतीचं कडं कार्बन कंपोझिटचं आहे. बर्फ साचू नये म्हणून त्यात गरम हवा सोडतात. बर्फाळ ढगातून बाहेर पडल्यावर, कोरड्या हवेत, ही प्रणाली ५ मिनिटांहून जास्त चालू राहिली तर कडं मर्यादेबाहेर तापू शकतं, आणि तुटलं तर तुकडे धडावर आदळू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये एफएएने आदेश काढला की वैमानिकाने ५ मिनिटांच्या आत बंद करायचं. आज उडणाऱ्या मॅक्स ८ आणि ९ ला हेच लागू. बंद करायचं विसरलं तर आठवण करून देणारा दिवा नाही, आवाज नाही. बोइंगने मॅक्स ७ साठी यातून तात्पुरती सूट मागितली होती. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चा डोअर प्लग (दाराच्या जागी बसवलेलं झाकण) हवेत निघून गेला आणि त्या महिन्यातच सूटीचा अर्ज मागे घेतला. मग कायमचा उपाय काढणं आलं, आणि मॅक्स १० लाही तोच लागू.

---

मासुंदा, ठाणे:

गाढी, आणि ती धोक्याच्या सूचनांची अट? अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) सूट दिली असं वाचलं होतं.

---

गाढी, पनवेल:

हो. २०२० च्या कायद्यात होतं की २७ डिसेंबर २०२२ नंतर सर्टिफिकेट मिळणाऱ्या विमानात आधुनिक क्रू-अलर्टिंग, म्हणजे वैमानिकांना बिघाडाच्या सूचना देणारी प्रणाली हवी. ७३७ मध्ये ते नाही. ते घातलं असतं तर मॅक्स ८ चा वैमानिक मॅक्स १० वर सहज जाऊ शकला नसता. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने ती मुदत काढली, पण बदल्यात दोन गोष्टी मागितल्या: कोनदर्शक सेन्सरच्या दोन वाचनांना पडताळणारं तिसरं, गणिताने काढलेलं वाचन, आणि खोटा स्टॉल-इशारा (पंखांची उचल तुटत असल्याचा इशारा) वाजत राहिला तर तो बंद करण्याची सोय. मॅक्स १० ला सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत हे आधीच्या सर्व मॅक्सवरही बसवायचं आहे.

आपली नियामक डीजीसीए साधारणपणे विमान बनवणाऱ्या देशाचे सुरक्षा-आदेश आपल्याकडे लागू करते. म्हणजे अकासा आणि एअर इंडिया एक्स्प्रेस दोघांनी हे काम आतापासून देखभालीच्या वेळापत्रकात धरलेलं बरं. सॉफ्टवेअर, कॉकपिटमधला बदल, मॅन्युअलची पानं आणि वैमानिकांचं प्रशिक्षण, चारही एकाच वेळी लागतात. मॅन्युअल आलं नाही तर बदल केलेलं विमान उभं राहतं.

---

रबाळे, नवी मुंबई:

पुरवठादारांच्या बाजूचं सांगतो, कारण टीटीसी या इथल्या औद्योगिक पट्ट्यात विमानाचे सुटे भाग करणारे वा करू पाहणारे बरेच आहेत.

नवा भाग पहिल्यांदा बनवला की एएस९१०२ या दंडकाप्रमाणे फर्स्ट आर्टिकल, म्हणजे पहिल्या नगाची पूर्ण तपासणी करतात. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप, प्रत्येक नोट गोल (फुगा) करून, क्रमांक देऊन तपासायची. मटेरिअलचा हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक), उष्णतोपचार, प्लेटिंग, एनडीटी (भाग न तोडता केलेली तपासणी) यांची सर्टिफिकेटं जोडायची. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की जेवढं बदललं तेवढ्याचं पुन्हा. मशीन, टूलिंग, प्रक्रिया किंवा जागा बदलली तरी पुन्हा. आणि अनेकांच्या लक्षात न येणारी अट: उत्पादनात दोन वर्षांचा खंड पडला तरी पुन्हा. सर्टिफिकेशन रखडलं की ऑर्डरी थांबतात, खंड पडतो, आणि सुरू करायच्या दिवशी फर्स्ट आर्टिकलपासून सुरुवात करावी लागते. विमान उशिरा आल्याचा हा खर्च कुठल्याच बातमीत येत नाही.

मालाचंही तसंच. कार्बन प्रीप्रेग (आधीच राळ भरलेलं कार्बनचं कापड) उणे १८ अंशांत ठेवतात, तरी त्याची मुदत संपते. बाहेर काढल्यावर किती तास वापरता येईल तेही मोजलेलं. सीलंटची मुदत तर काही महिन्यांची. साठा करून वाट बघण्याची सोय या धंद्यात नाही. कोणी नव्याने उतरणार असेल तर माझा सल्ला: रिव्हिजन स्थिर व्हायच्या आधी महागडी फिक्स्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधनं) करू नका. मॉड्युलर फिक्स्चरवर काढा, आणि बदलाचा खर्च कोणाचा हे करारात लिहून घ्या.

तिकडे बोइंगच्या एव्हरेट कारखान्यात तयार होऊन उभी असलेली वीसहून अधिक ७७७-९ आहेत. चाचणीत जे जे बदललं ते त्या प्रत्येकात उघडून घालावं लागणार. जोडणीच्या वेळी जे काम एका पाळीत होतं, तेच पूर्ण झालेल्या विमानात करायचं तर आधी आसनं, फरशी, पॅनेल काढा, मग वायरिंगपर्यंत पोचा, मग सगळं परत लावून पुन्हा तपासा.

---

कोपरी, ठाणे:

दोन वर्षांच्या खंडाची अट माहीत नव्हती. धन्यवाद. पारसिक, रांगेबद्दल आपलं अर्धं एकमत झालं असं मी धरतो.

एक गोंधळ मात्र इथे वाचणाऱ्यांचा होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये एफएएने बोइंगला सर्टिफिकेट देण्याचा अधिकार परत दिला अशी बातमी होती. तिचा या धाग्याशी संबंध नाही. टाइप सर्टिफिकेट म्हणजे रचना मान्य. एअरवर्दिनेस सर्टिफिकेट म्हणजे हे एक विशिष्ट विमान त्या रचनेप्रमाणे बनलंय. परत मिळाला तो दुसरा अधिकार, तोही मॅक्स आणि ७८७ साठी, एक आठवडा बोइंग आणि एक आठवडा एफएए अशा पाळीने.

---

येऊर, ठाणे:

एफएएचा शिक्का बसला की दुसऱ्या दिवशी भारतात विमान, असंही नाही. मॅक्स पुन्हा उडवायला एफएएने १८ नोव्हेंबर २०२० ला परवानगी दिली, डीजीसीएने २६ ऑगस्ट २०२१ ला. नऊ महिने.

नव्या प्रकाराच्या विमानाला डीजीसीएची टाइप अ‍ॅक्सेप्टन्स लागते. पण त्याहून जास्त वेळ जातो तो वैमानिक, इंजिनिअर आणि मॅन्युअल यांच्यात. ७७७-३००ईआर उडवणाऱ्याला ७७७-९ साठी किती प्रशिक्षण लागेल हे एफएएचं फ्लाइट स्टँडर्डायझेशन बोर्ड ठरवतं. फरकाच्या पातळ्या ए ते ई. ए-बीला वाचन आणि वर्ग पुरतो, सी-डीला उपकरणावर सराव, ई म्हणजे नवं टाइप रेटिंग, त्या प्रकारचं विमान उडवायची वेगळी पात्रता. दुमडणारी टोकं उड्डाणाआधीच्या चेकलिस्टमध्ये येणार, तेव्हा नुसत्या वाचनावर भागेल असं मला वाटत नाही.

दुसरा कागद मास्टर मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. कुठली वस्तू बंद असताना विमान सोडता येतं आणि किती दिवस: बी गटाला ३, सी ला १०, डी ला १२०. याच्यावरून एअरलाइन स्वतःची एमईएल करते आणि डीजीसीएकडून मंजूर करून घेते. ती नसेल तर क्षुल्लक बिघाडालाही विमान उभं. देखभाल इंजिनिअरांच्या परवान्यावर त्या प्रकाराची नोंद हवी, त्यासाठी मान्यताप्राप्त कोर्स आणि प्रत्यक्ष काम हवं. प्रत्यक्ष कामाला विमानच नसेल तर ते परदेशात जाऊन करावं लागतं. एवढं झाल्यावर एअरलाइनच्या परवान्यात नवा प्रकार चढवायचा आणि प्रवाशांविना प्रूव्हिंग फ्लाइट्स करायच्या.

याच चष्म्यातून ऑक्टोबर २०२५ च्या, आपल्या एचएएल आणि रशियाच्या यूएसी या विमान कंपन्यांमधल्या कराराकडेही बघा. एसजे-१०० हे रशियन प्रवासी विमान भारतात बनवायचं म्हणतात. रशियन विमानांची युरोपीय सर्टिफिकेटं मार्च २०२२ पासून थांबली आहेत. एरवी डीजीसीएला एफएए किंवा ईएएसएच्या कामाचा आधार मिळतो, तो इथे मिळणार नाही. तपासणारे लोक, चाचणी वैमानिक आणि सॉफ्टवेअर वाचणारी माणसं आपल्याला इथे तयार करावी लागतील. कराराच्या सहीइतकीच त्याचीही चर्चा व्हावी अशी माझी कळकळ आहे.

---

मासुंदा, ठाणे:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: पुढच्या बातम्या वाचताना ७७७-९ खरंच जवळ आलंय हे कशावरून ओळखायचं?

---

पारसिक, कळवा:

कंपनीने सांगितलेल्या तारखेवरून नाही. टीआयए टप्प्याटप्प्याने मिळतोय, त्यातला शेवटचा टप्पा मिळाला का ते बघा. मोठ्या ब्रेकच्या चाचणीसारख्या नेत्रदीपक बातम्यांना त्यामानाने कमी महत्त्व द्या. झिजलेल्या ब्रेकवर ३५१ टनांचं विमान थांबवून ५ मिनिटं बंबाविना उभं ठेवतात, बघायला थरारक असतं, पण ते शेकडो कामांतलं एक.

त्यानंतर येतं फंक्शन अँड रिलायबिलिटी, एफअँडआर. इंजिन नव्या प्रकारचं असेल तर ३०० तास, एरवी १५०. एअरलाइन जसं उडवेल तसं, वेगवेगळ्या विमानतळांवर, थंडीत-उन्हात. रचना जवळपास गोठल्याशिवाय हे तास सुरू करण्यात अर्थ नसतो, म्हणून ते सुरू झाल्याची बातमी मला सर्वांत बोलकी वाटते.

---

उलवे, नवी मुंबई:

आणि नंतर एफएएच्या संकेतस्थळावरची ७७७ च्या टाइप सर्टिफिकेटची डेटा शीट, क्रमांक टी००००१एसई. १९९५ च्या पहिल्या ७७७ पासून त्याच शीटमध्ये एकेक मॉडेल चढत आलंय. तिच्यात ७७७-९ ची नोंद दिसली की टाइप सर्टिफिकेट झालं. तिथून भारतातलं काम सुरू, येऊर यांनी लिहिलं त्या क्रमाने.

---

मासुंदा, ठाणे:

नोंदवून ठेवलं. शीटमध्ये नोंद आली की हाच धागा वर काढते.